टीव्हीचं ग्राफिक भरतो दुसराच कोणी

टीव्हीसाठी डिझाइन करणारा माणूस आपलं काम रिकामं सोडून घरी जातो. नावाची पट्टी, ब्रेकिंगची प्लेट, निकालाचा तक्ता यांतला मजकूर आपण भरलेलाच नसतो. तो भरतो रात्री दोन वाजता पीसीआरमध्ये, म्हणजे प्रसारण चालवणाऱ्या नियंत्रण कक्षात बसलेला ऑपरेटर, तेही कानातल्या टॉकबॅकवर पॅनल प्रोड्युसरची, म्हणजे तिथून कार्यक्रम चालवणाऱ्याची, घाई चालू असताना. या कामात येऊ पाहणाऱ्या सोलापूरच्या मुलांना हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे चादरीची नक्षी आलेखाच्या कागदावर काढणारा वेगळा आणि मागावर बसणारा वेगळा, तसंच हे आहे. नक्षी कितीही सुंदर असो, मागावर उतरली नाही तर तिचा उपयोग नाही.

फोटोशॉप, इलस्ट्रेटर, आफ्टर इफेक्ट्स तुम्हाला येतं असं मी धरून चालते. येत नसेल तर शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, त्यासाठी माझी गरज नाही.

मी इथलीच. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा, मग अप्लाइड आर्ट, मग सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, आणि पुढे एका प्रसारण कंपनीच्या ग्राफिक्स विभागात अख्खी नोकरी. मी लागले तेव्हा तिथले सर्वांत ज्येष्ठ सहकारी हाताने कॅप्शन लिहिण्याच्या काळात घडलेले होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्या काळात काळ्या कार्डावर पांढऱ्या रंगात नावं लिहीत, कार्ड स्टँडवर लावून कॅमेऱ्याने टिपत, आणि काळा भाग गाळून नुसती अक्षरं चित्रावर चढवत. इंग्रजीला लेट्रासेटची घासून उमटवायची अक्षरं होती. देवनागरीला हातच वळवावा लागे. या सहकाऱ्यांना सगळे दादा म्हणायचे. कोणाचीही पट्टी मंजूर करण्याआधी त्यांचं एकच म्हणणं असे, "यात सगळ्यात मोठं नाव लिहून दाखव."

मी ते वर्षानुवर्षं ऐकलं आणि कानाआड केलं. मला वाटायचं, ही जुन्या माणसांची धास्ती आहे, आता कॉम्प्युटर आहे. मग एका निवडणुकीत निकालाचा तक्ता माझ्याकडे आला.

नमुन्यादाखल काहीतरी लिहावं लागतं आणि हात आपोआप लहान नावाकडे जातो. आपलाच जिल्हा घ्या. विधानसभेचे ११ मतदारसंघ. 'माढा' लिहिलं की तक्ता देखणा दिसतो. चारी बाजूंनी मोकळी हवा, अक्षर ठसठशीत, साहेब खूश. पण त्याच ११ मध्ये 'सोलापूर शहर उत्तर' आहे, 'सोलापूर शहर मध्य' आहे. सकाळी ८ ला मतमोजणी सुरू झाली की राज्यातल्या २८८ जागांचे आकडे एकामागून एक येऊन आदळतात. डिझाइन उघडून रकाना रुंद करायला तेव्हा कोणालाच सवड नसते. मजकूर मावत नसला की सॉफ्टवेअर तो आडवा दाबून बसवतं. रोमन अक्षर दाबलं तरी एका मर्यादेपर्यंत वाचता येतं. देवनागरीचं तसं होत नाही. काने एकमेकांना चिकटतात, 'ध्य'मधली पोकळी बुजते, 'त्त' ओळखू येत नाही. शेजारच्या ओळीत 'माढा' ऐसपैस आणि खाली चेंगरलेलं 'सोलापूर शहर मध्य', असं चित्र घरोघरी गेलं. माझ्या स्वतःच्या गावाचं नाव. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

हे मी जरा जास्तच लांबवतेय, पण लांबवणारच, कारण नवीन येणारे बहुतेक जण इथेच सापडतात. डिझाइनची फाइल उघडण्याआधी एक कागद करा. त्यावर सर्वांत लांब मतदारसंघ, सर्वांत लांब तीनपदरी नाव आणि सर्वांत लांब हुद्दा लिहा. 'आमदार' लिहून पट्टी सजवू नका, 'अतिरिक्त मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद' लिहून सजवा. पक्षाच्या नावालाही गृहीत धरू नका. २०२२ पर्यंत 'शिवसेना' एवढ्या एका शब्दाच्या मापाने केलेल्या रकान्यात नंतर 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' बसवायची वेळ आली. उंचीसाठी दोन शब्द पाठ करून ठेवा, 'मृत्यू' आणि 'वर्षांनी'. पहिल्यात खाली ऋकार आणि ऊकार, दुसऱ्यात वर रफार आणि अनुस्वार. 'बातमी' या शब्दावर उंची ठरवलेल्या प्लेटमध्ये 'मृत्यू'चे पाय कापले जातात, आणि ब्रेकिंगमध्ये हा शब्द रोज येतो. मी पुढे आडवं दाबण्याची मर्यादा मूळ रुंदीच्या ८५ टक्क्यांवर बांधून टाकली. त्याखाली गेलं तर मजकूर दोन ओळींत जाईल, नाहीतर डेस्कशी आधीच ठरवलेला संक्षेप येईल. हे ठरवणं डिझायनरचं काम आहे, ऑपरेटरच्या गळ्यात मारू नका. आणि मतांचे आकडे सारख्या रुंदीच्या अंकांत घ्या, नाहीतर आकडा बदलला की अख्खी ओळ डुगडुगते.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण मोठ्या प्रमाणावर इंटरलेस्ड आहे. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत जातं: आधी पडद्यावरच्या एकाआड एक बारीक आडव्या ओळी, मग उरलेल्या. शिरोरेषा एकाच ओळीइतकी बारीक असेल तर ती एका अर्ध्यात असते, दुसऱ्यात नसते, आणि पडद्यावर थरथरते. तुमच्या मॉनिटरवर हे दिसणारच नाही. हल्लीचे टीव्ही बरंच सांभाळून घेतात, तरी सरकत्या टिकरमध्ये बारीक रेघ तडफडतेच. म्हणून शिरोरेषा निदान दोन-तीन ओळींची जाड हवी. फॅशन म्हणून बारीक वजनाचे फॉन्ट वापरणाऱ्यांना मी याच कारणाने विरोध करत आले.

आता सॉफ्टवेअरचा प्रश्न, जो मला सर्वांत आधी विचारला जातो. न्यूजरूममध्ये व्हिझआरटी किंवा आपल्याकडचं वास्प थ्रीडी भेटेल. ते घरी आणून शिकण्यासारखं नाही, आणि त्याची भीतीही बाळगू नका. रुजू झाल्यावर शिकवतात. घरी काही करायचंच असेल तर कॅस्परसीजी उतरवून घ्या. स्वीडनच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एसव्हीटीने बनवलेलं आहे, फुकट आहे, आणि एचटीएमएलमध्ये पट्टी बनवून ती चालत्या व्हिडिओवर चढवता येते. मजकूर बाहेरून येतो आणि ग्राफिक त्याला सामावून घेतं, हा सगळा खेळ त्यात हाताने करून बघता येतो.

विकत मिळणारी तयार टेम्पलेट मला मुळीच मान्य नाहीत. ती बहुतेक रोमन लिपीच्या मापाने केलेली असतात. मात्रा, वेलांटी, रफार यांना वर जागाच नसते. एआयकडून पट्टी काढून आणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. जोडाक्षर स्वतः तपासता येत नसेल तर ते प्रसारणात पाठवण्याचा हक्क तुम्हाला नाही. आणखी एक: फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत मराठी टाइप करताना वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं तर फॉन्टला दोष देण्याआधी प्रेफरन्समध्ये साउथ एशियन भाषांचा पर्याय चालू आहे का ते बघा.

गुरू निवडताना मोठ्या नावाच्या मागे लागू नका. ज्यांना पारितोषिकं मिळाली त्यांच्याकडून रंग शिकाल, पण काम शिकाल ते पीसीआरमधल्या ऑपरेटरकडून. शिफ्ट संपल्यावर अर्धा तास त्याच्या मागे उभे राहा. तो कोणती पट्टी आनंदाने वापरतो आणि कोणती टाळतो ते बघा. मला जे आलं ते तिथेच उभं राहून आलं.

सोलापुरात फ्लेक्सच्या दुकानात काम करणारी मुलं मला भेटतात तेव्हा खाली मान घालून आपलं काम सांगतात. कशाला? तासाभरात वाढदिवसाचा फलक, त्यात पंधरा शुभेच्छुकांची नावं, एकाचंही चुकलं तर दुकानात भांडण! एवढ्या दबावाखाली जो नावं बरोबर लिहितो तो न्यूजरूममध्ये टिकतो. पूर्व भागातल्या, घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांना वाटतं की आपली मराठी कमी पडेल. शुद्धलेखन बघायला कॉपी डेस्क असतो. उलट तुम्हाला ज्या आडनावांचे उच्चार घरातून माहीत आहेत, ती आडनावं मुंबईत बसलेला माणूस हमखास चुकवतो. ही तुमची जमेची बाजू आहे, मुलाखतीत मोकळेपणाने सांगा.

मात्र गोड बोलून मी कोणाला या कामात ओढणार नाही. निवडणूक, अर्थसंकल्प, अतिवृष्टी या दिवसांत सुट्टी मागायचीही सोय नसते. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक मी कितीतरी वर्षं बघितली नाही. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे फोटो पाहून समाधान मानलं. पाठ जाते, डोळे जातात, घरचे रुसतात. हे आधी घरी बसून बोलून घ्या. मुलींनी तर नक्कीच.

शोरील, म्हणजे नोकरीसाठी दाखवायचा आपल्या कामाचा व्हिडिओ, दीड मिनिटाच्या आत ठेवा आणि त्यात निदान एक ॲस्टन, म्हणजे नावाची पट्टी, असा दाखवा, ज्यात लहान, मध्यम आणि लांबलचक अशी तिन्ही नावं एकापाठोपाठ येतात. निवड करणाऱ्या बाजूला मी बसले आहे. चकचकीत मॉन्टाज दहा जणांकडे असतो, हे एखाद्याकडेच असतं.

नेमणुकीचं पत्र हातात आलं की पगाराच्या आकड्यावर थांबू नका. कंत्राट किती काळाचं आहे, भविष्यनिर्वाह निधी कापला जाणार का, रात्रपाळीनंतर घरी सोडायला गाडी आहे का, हे सही करण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सोलापूरहून आलेल्या मुलाला मुंबईत पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट एकदमच भरावं लागतं, तेवढे पैसे आधी बाजूला काढून मगच गाडीत बसा.