छोटा सिंथ, गिटारचं पेडल आणि अँप: जोडताना या चुका टाळा

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या पोरांच्या टेबलावर आता कोर्गचा व्होल्का किंवा टीनेज इंजिनिअरिंगचा पॉकेट ऑपरेटर असा छोटा सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज बनवणारं वाद्य, दिसायला लागलाय. पेडल आणि अँप वेगळे घ्यायला पैसे कुठले? मग मित्राचं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) आणि ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याचा अँप दोन दिवसांसाठी मागून आणायचा. जोडणी चालते, छान चालते. पण सुरुवातीला बहुतेकांना एकतर भणभण ऐकू येते, नाहीतर काहीच ऐकू येत नाही, आणि खापर सिंथवर फुटतं. सिंथ क्वचितच दोषी असतो. आधी पिन तपासा, मग आवाजाची पातळी, मग घराचं आर्थिंग.

चुकीची पिन

छोट्या सिंथचं आउटपुट बहुधा हेडफोनचंच असतं: ३.५ मिमी, स्टीरिओ. त्याला लागणाऱ्या पिनेला बाजारात ईपी पिन म्हणतात. गिटारच्या पेडलला लागते ती ६.३५ मिमीची मोनो पिन, म्हणजे आपली पी-३८. दुकानात "ईपी टू पी-३८ द्या" म्हटलं की हाताला लागेल ती वायर मिळते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पिनेवरचे काळे पट्टे मोजून घ्या. एक पट्टा असेल तर मोनो, दोन असतील तर स्टीरिओ.

सिंथच्या बाजूला मोनो पिन लावली तर उजव्या चॅनलचं आउटपुट थेट ग्राउंडला टेकतं. सिंथ लगेच जळेल असं नाही, पण हेडफोनच्या सर्किटवर उगाच ताण येतो आणि बॅटरी लवकर उतरते. दोन्ही टोकांना स्टीरिओ पिन असेल तर दुसरीच गंमत होते. पुष्कळ पेडलांमध्ये इनपुटचा जॅक बॅटरीच्या स्विचचंही काम करतो. मोनो पिन आत गेली की बॅटरीची निगेटिव्ह बाजू ग्राउंडला जोडली जाते आणि पेडल सुरू होतं. स्टीरिओ पिनेने ही जोडणी होतच नाही, म्हणून बॅटरीवर पेडल मेल्यासारखं पडून राहतं. तेच पेडल अ‍ॅडॅप्टरवर मात्र चालतं. माणूस नवी बॅटरी आणतो, तीही लावून बघतो, आणि शेवटी पेडल दुरुस्तीला देतो.

तिसरा प्रकार साउंडवाल्याच्या मिक्सरवर दिसतो. स्टीरिओ पिन मिक्सरच्या बॅलन्स्ड लाइन इनपुटमध्ये खुपसली, तर मिक्सर डाव्या चॅनलमधून उजवा वजा करतो. बहुतेक व्होल्कांमध्ये दोन्ही बाजूंना आवाज एकच असतो, त्यामुळे बाकी जवळपास शून्य उरते. मीटर हलत नाही आणि साउंडवाला म्हणतो, "दादा, तुमचंच मशीन खराब दिसतंय."

या तिन्हींवर उपाय एकच आहे. एका बाजूला स्टीरिओ ईपी आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पी-३८ अशी फाटा असलेली वायर घ्या. डावी पिन पेडलमध्ये लावा, उजवी मोकळी सोडा, फक्त ती धातूला टेकणार नाही एवढं बघा. पॉकेट ऑपरेटर सिंकच्या (दुसऱ्या यंत्राशी ताल जुळवायच्या) मोडमध्ये असेल तर एका चॅनलवर संगीताऐवजी सिंकची टकटक असते. अँपमधून नुसतं टकटक आलं तर दुसरी पिन लावून बघा.

पातळी: इथे सगळ्यांचाच हात ढिला

गिटारच्या पिकअपमधून साधारण काहीशे मिलिव्होल्ट निघतात, जोरात स्ट्रम मारला तर व्होल्टभर. सिंथ पूर्ण आवाजात याच्या कितीतरी वर जातो, आणि ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलला तेवढं झेपत नाही. डिस्टॉर्शनमध्ये तो आवाज कदाचित आवडेलही. पण डिजिटल डिले किंवा रिव्हर्बचं (प्रतिध्वनी आणि घुमारा देणाऱ्या पेडलांचं) इनपुट ओव्हरलोड झालं की जी चिरकी खरखर होते, ती कोणालाच आवडत नाही.

म्हणून सिंथचा व्हॉल्यूम शून्यावरून हळूहळू वर न्या. पातळी ठरवताना फिल्टरचा रेझोनन्स पूर्ण चढवून कटऑफ फिरवा (कटऑफ म्हणजे फिल्टर आवाज जिथून कापतो ती जागा, रेझोनन्स त्या जागेचा आवाज उठवतो), कारण आवाज सगळ्यात मोठा तिथेच होतो. साध्या सुरावर पातळी लावून ठेवली आणि ऐन वाजवताना रेझोनन्स फिरवला, तर पेडल हमखास फाटणार. उलट व्हॉल्यूम फारच खाली ठेवला तर सिंथचा स्वतःचा सूंऽऽ आवाज पुढची पेडलं मोठा करून ऐकवतात. रीअँप बॉक्स नावाची वस्तू लाइनचा सिग्नल गिटारच्या पातळीवर आणते, पण माझ्या मते ती आधी घेऊ नका. नव्वद टक्के काम व्हॉल्यूमच्या बटणानेच होतं.

जुन्या पद्धतीच्या दोन ट्रान्झिस्टरच्या फझ पेडलची गोष्ट वेगळी. समोर गिटारच्या पिकअपची कॉइल असणार हे धरूनच ते सर्किट बनलंय. सिंथचं कमी इम्पीडन्सचं (सिग्नलला कमी अडथळा करणारं) आउटपुट लावलं की आवाज टोचरा येतो. मध्ये १० ते ५० किलो-ओहमच्या दरम्यानचा एक रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला की तो बराच माणसाळतो. शिवाय डिस्टॉर्शनमधून चार सुरांची कॉर्ड काढू नका, नुसता चिखल होतो. एकेक सूर वाजवा, फार तर सा-प. सिंथमध्येच रिव्हर्ब असेल तर डिस्टॉर्शनच्या आधी तो बंद करा.

भणभण आणि आर्थिंग

हा खरा आपल्याकडचा विषय. आर्थिंगचा खड्डा ओल्या मातीवर चालतो. एप्रिल-मेमध्ये आपली काळी जमीन भेगाळते, खड्डा सुकतो आणि आर्थिंग कागदावरच राहतं. अँपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबवा, वायरमनला बोलावून आर्थिंग तपासून घ्या. खड्ड्यात पाणी ओतल्यावर कितीतरी घरांत फरक पडतो. भणभण जावी म्हणून अँपच्या प्लगची आर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये काहीशे व्होल्ट असतात, आणि बिघाड झाला तर त्यांना जमिनीकडे जायला तुमच्या अंगाशिवाय दुसरी वाट उरत नाही.

भणभण कुठून येतेय हे शोधणं सोपं आहे. सिंथ आणि पेडल दोन्ही बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष अ‍ॅडॅप्टरचा किंवा ग्राउंड लूपचा, म्हणजे ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडलं गेल्याचा. यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला सिंथ बारीक किंचाळत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. किंचाळणं थांबलं म्हणजे चोर सापडला. तिथे मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला नीट देणारी डबी) लावा. हा लिफ्ट फक्त ऑडिओच्या वायरीचं ग्राउंड तोडतो, अँपचं आर्थिंग जागेवरच राहतं.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होतो आणि अँप एकदम गुरगुरायला लागतो, हेही अनेकांनी ऐकलंय. स्वस्त इन्व्हर्टर साइन वेव्हऐवजी स्क्वेअर वेव्ह देतो. सिंथवर जी हौसेने निवडतो तीच ही वेव्ह, फक्त इथे बोलावलेली नसते. अशा वेळी अँप बंद करून हेडफोनवर सराव केलेला बरा.

अ‍ॅडॅप्टरबद्दल एक ताकीद. गिटारच्या पेडलांना ९ व्होल्ट लागतात, मधली पिन निगेटिव्ह. व्होल्कालाही ९ व्होल्टच लागतात, पण मधली पिन पॉझिटिव्ह. दोघांच्या पिनेचं मापही वेगळं आहे, आणि तेवढाच काय तो आपला बचाव. कन्व्हर्टर पिन आणून तो बचाव मोडू नका. एकाच अ‍ॅडॅप्टरला फाटे काढून डिजिटल सिंथ आणि चार पेडलं लावली की सिंथची किणकिण सगळीकडे पसरते. व्होल्काला सहा पेन्सिल सेल घाला आणि मोकळे व्हा.

अँपकडून काय मागायचं

गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि गिटार अँपचा स्पीकर त्याच हिशोबाने बनवलेला असतो. वरच्या बाजूला साधारण ५ किलोहर्ट्झनंतर तोही सुस्तावतो. त्यामुळे सिंथचा ४० हर्ट्झचा बेस छोट्या अँपमधून काढायला गेलात तर सूर ऐकू येत नाही, स्पीकरचा कोन (पडदा) मात्र जोरजोरात हलतो आणि एक दिवस फाटतो. हाय-हॅटही घोंगडीखालून वाजल्यासारखी येते. लीडसाठी, म्हणजे मुख्य सुरावटीसाठी, गिटार अँप उत्तम. बेस आणि ड्रमसाठी कीबोर्ड अँप किंवा सरळ पीए सिस्टिम वापरा. अँपच्या मागे एफएक्स रिटर्न (इफेक्टचा सिग्नल परत आत घेणारा जॅक) असेल तर सिंथ तिथे लावून बघा. प्रीअँप (अँपचा पहिला टप्पा) टळतो आणि आवाज मोकळा होतो. फक्त शेजारच्या स्पीकर आउटमधून वायर काढून पेडलला लावू नका, पेडल जळेल.

मंडपात वाजवायचं असेल तर सिंथची वायर लाइटिंगच्या वायरीशेजारून नेऊ नका. स्टेजवर डीआय बॉक्स मागा, आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला वायरीतूनच दिली जाणारी वीज) सुरू असलेल्या माइकच्या इनपुटला सिंथ थेट जोडू नका. अँप सगळ्यात शेवटी सुरू करायचा, सगळ्यात आधी बंद करायचा. जनरेटरवर बदल होणार असेल तर जनरेटरवाल्याला आधी हाक मारायला सांगून ठेवा.