शहराच्या उत्सर्जनाचं मॉडेल: पीएचडीत या चुका टाळा

इन्व्हर्जन (हवेतल्या मोजमापांवरून उलट जाऊन उत्सर्जन काढण्याची पद्धत) चालवलं की आकडा मिळतोच. हद्द चुकली असेल, कार्बनचे टन कार्बन डायऑक्साइडचे म्हणून घेतले असतील, घड्याळ साडेपाच तासांनी सरकलं असेल, तरीही शेवटी एक देखणा आकडा आणि त्याभोवती अनिश्चिततेची पट्टी हजर होते. म्हणूनच शहरी हरितगृह वायूंच्या प्रबंधातल्या बहुतेक चुका मॉडेलमध्ये शोधून सापडत नाहीत. त्या मॉडेलला दिलेल्या हिशेबात असतात. इथली उदाहरणं मुंबई-पुण्याची आहेत.

सूचीचा आकडा आणि हवेचा आकडा शेजारी ठेवणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सूची म्हणजे इंधन, वीज, कचऱ्याच्या आकड्यांवरून मांडलेला उत्सर्जनाचा हिशेब. मुंबईच्या 2022 च्या हवामान कृती आराखड्यात 2019 सालचं उत्सर्जन 2.34 कोटी टन कार्बन डायऑक्साइड-समतुल्य दिलं आहे. मनोऱ्यावरच्या मोजमापांतून निघालेला आकडा याच्याशी जुळेना की विद्यार्थी मॉडेलची अनिश्चितता वाढवत बसतो. पण हे दोन आकडे जुळण्याचं मुळात कारणच नाही. जीपीसी, म्हणजे शहरांच्या सूचीची जागतिक नियमावली, शहराने वापरलेल्या विजेचं उत्सर्जन स्कोप 2 मध्ये शहराच्या नावावर लावते. तो धूर मात्र डहाणूला किंवा विदर्भात निघालेला असतो, मनोऱ्याला तो शहराचा म्हणून दिसत नाही. उलट ट्रॉम्ब्याचं वीज केंद्र शहराच्या हद्दीत आहे. ग्रिडला पुरवलेल्या विजेचं उत्सर्जन याच नियमावलीनुसार नोंदवायचं असतं, पण 'बेसिक' (नियमावलीतल्या मूलभूत) बेरजेत धरायचं नसतं, नाहीतर तीच वीज दोनदा मोजली जाते. हवेला असला नियम ठाऊक नाही, तिच्यात ट्रॉम्बे पूर्ण मोजलं जातं.

दुसरा फरक जैविक कार्बन डायऑक्साइडचा. चुलीचा धूर, इथेनॉलचं ज्वलन, माणसांचा श्वास हे सूचीच्या बेरजेत नसतं, उपकरण मात्र ते मोजतं. माणूस दिवसाला साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. 2011 च्या जनगणनेतली बृहन्मुंबईची 1.24 कोटी लोकसंख्या धरली तर वर्षाला सुमारे 45 लाख टन झाले. चौरस किलोमीटरला 20,000 वस्ती असेल तिथे हाच प्रवाह सेकंदाला चौरस मीटरमागे जवळजवळ 5.3 मायक्रोमोल भरतो. अमेरिकेतल्या विरळ शहरांवरचे लेख वाचून हा घटक नगण्य ठरवला जातो. मुंबईत तो तसा ठरवता येत नाही.

उपाय असा: तुलनेसाठी वेगळी सूची बांधा. स्कोप 1 (हद्दीत प्रत्यक्ष निघालेलं उत्सर्जन) घ्या, हद्दीतली वीज केंद्रं धरा, स्कोप 2 आणि 3 (शहरामुळे हद्दीबाहेर होणारं बाकीचं) वगळा, जैविक कार्बन डायऑक्साइड वेगळ्या थरात ठेवा. एडगर (उत्सर्जनाचा जागतिक जाळीबद्ध डेटाबेस) वापरत असाल तर अल्पचक्री जैविक कार्बनची फाइल वेगळी असते, ती उतरवायला विसरू नका.

हद्द पहिल्याच महिन्यात गोठवा

पुणे महापालिकेत 2017 साली 11 गावं आली, 2021 साली आणखी 23. पहिल्या तुकडीतली उरुळी देवाची आणि फुरसुंगी 2024 मध्ये पुन्हा वेगळी काढली गेली, आणि पुण्याचा जुना कचरा डेपो नेमका तिथेच आहे. म्हणजे एकाच ढिगाचा मिथेन एका वर्षी स्कोप 1 मध्ये, तर दुसऱ्या वर्षी शहराच्या कचऱ्यापुरता स्कोप 3 मध्ये. दोन वर्षांची तुलना करून 'घट झाली' असं लिहून मोकळं होणं फार सोपं आहे. एक शेपफाइल (हद्दीचा डिजिटल नकाशा) निवडा, तिच्या नावात तारीख घाला आणि सगळी वर्षं तिच्यावरच मोजा.

इंधनाच्या किरकोळ वाटणाऱ्या चुका

पेट्रोलला लिटरमागे 2.3 किलो हा गुणक वर्षानुवर्षं तसाच वापरला जातो. भारतात सरासरी इथेनॉल मिश्रण 2022 मध्ये 10 टक्क्यांवर पोचलं आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेलं. 20 टक्के मिश्रणाच्या लिटरातून जीवाश्म कार्बन डायऑक्साइड येतो सुमारे 1.84 किलो. वर्षागणिक मिश्रणाची टक्केवारी घातली नाही तर पेट्रोलवाल्या दुचाकींचा कल सरळसरळ चुकतो.

पाइप गॅसच्या बाबतीत आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा) 56,100 किलो प्रति टेराज्यूल हा गुणक निव्वळ उष्मांकावर बसवलेला आहे. गॅस कंपनी मात्र बहुधा स्थूल उष्मांक देते. दोन्हींत साधारण 10 टक्क्यांचा फरक पडतो. घरगुती सिलिंडरसाठी एक झटपट पडताळा: 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे 42.4 किलो कार्बन डायऑक्साइड यायला हवा. तुमच्या तक्त्यात याहून वेगळं काही येत असेल तर एकक तपासा.

वाहन नोंदणीचा एकूण आकडा म्हणजे रस्त्यावरची वाहनं नव्हेत. भंगारात गेलेली गाडी नोंदणीतून आपोआप उतरत नाही, आणि एमएच-12 ची गाडी मुंबईत धावू शकते. पंपांवरची विक्री आणि वाहन-किलोमीटर या दोन्ही वाटांनी हिशेब करा. फरक राहीलच, तो लपवू नका.

कचरा: मिथेन मागच्या वर्षांतून येतो

देवनारचा डेपो 1927 पासूनचा. तरी काही प्रबंधांत फक्त सूचीच्या वर्षाचा कचरा घेऊन मिथेन काढलेला असतो. आयपीसीसीच्या प्रथम-कोटी क्षय पद्धतीला मागची निदान 50 वर्षं लागतात. जुने आकडे नसतील तर लोकसंख्येवरून मागे जा, गृहीतक लिहा. क्षय-स्थिरांकही हवामानानुसार निवडायचा असतो. मिश्र कचऱ्यासाठी कोरड्या उष्ण प्रदेशात 0.065, ओल्या उष्ण प्रदेशात 0.17. अर्धायुष्य पहिल्यात जवळपास 11 वर्षं, दुसऱ्यात 4. मुंबईला पहिला स्थिरांक लावला तर नव्या कचऱ्याचा मिथेन पुढच्या दशकात ढकलला जातो. खोल, अव्यवस्थापित ढिगासाठी मिथेन दुरुस्ती गुणक 0.8 आहे, 1 नाही. आणि तरीही निकाल उपग्रहाशी जुळेलच असं नाही. 2022 साली मुंबई, दिल्ली, लाहोर आणि ब्युनोस आयर्सवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या शहरांचं मिथेन उत्सर्जन प्रचलित सूचींच्या 1.4 ते 2.6 पट आढळलं होतं.

मिथेनचा तापमानवाढ गुणांकही (तो कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो) आयपीसीसीच्या एकाच अहवालातून घ्या. 100 वर्षांसाठी चौथ्या मूल्यांकनात तो 25, पाचव्यात 28. एक तक्ता 25 चा, दुसरा 28 चा, अशी खिचडी आढळली की परीक्षक पुढची पानं संशयानेच वाचतो.

एककं आणि जाळी

ओडियाक या जीवाश्म कार्बन डायऑक्साइडच्या जाळीबद्ध डेटाबेसची एक किलोमीटरची फाइल कार्बनच्या टनांत असते, दर पेशी, दर महिना. एडगर पदार्थाच्या टनांत किंवा किलो प्रति चौरस मीटर प्रति सेकंदात. इन्व्हर्जननंतर शहराचं उत्सर्जन प्रायरच्या (आधी धरलेल्या अंदाजाच्या) साडेतीन-पावणेचार पट निघालं तर शोध लावल्याचा आनंद लांबणीवर टाका. 44 भागिले 12 म्हणजे 3.67, ते कुठे राहिलं ते आधी पाहा. आणखी एक कामाचा आकडा: सेकंदाला चौरस मीटरमागे 1 मायक्रोमोल म्हणजे वर्षाला 1.39 किलो कार्बन डायऑक्साइड.

एका जाळीवरून दुसरीवर नेताना द्विरेषीय अंतर्वेशन वापरलं की एकूण बेरीज बदलते. वस्तुमान जपणारी पद्धत वापरा, सीडीओ या हवामान-डेटाच्या आज्ञावलीत रीमॅपकॉन. आधीची आणि नंतरची बेरीज छापा, फरक 0.1 टक्क्याच्या वर गेला तर पुढे जाऊ नका. 0.1 अंशाची पेशी मुंबईच्या अक्षांशावर सुमारे 117 चौरस किलोमीटरची असते. विषुववृत्तावरचं क्षेत्रफळ सगळीकडे लावू नका.

घड्याळ

भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. तासातासाच्या आउटपुटमध्ये तो अर्धा तास बसत नाही, म्हणून डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलला दर 30 मिनिटांनी फाइल लिहायला लावा. दुपारी 1 ते 4 म्हणजे जागतिक वेळेनुसार 07:30 ते 10:30. रूपांतर राहून गेलं तर दुपारी एकच्या मोजमापासमोर मॉडेलची संध्याकाळी साडेसहाची हवा येते. तोवर सीमा थर (जमिनीलगतचा, हवा मिसळत राहते तो थर) खाली बसलेला असतो, मॉडेलमधली संहती फुगते आणि इन्व्हर्जन उत्सर्जन उगाच कमी करतं. ओळखायची खूण: मॉडेलचा दैनंदिन वक्र काढा. किमान पातळी दुपारऐवजी सकाळी नऊ-दहाला दिसली तर तुमचा अक्ष जागतिक वेळेचा आहे.

मोजमाप, पार्श्वभूमी, झाडं

पावसाळ्यात हवेत 3 टक्के बाष्प असेल तर 420 पीपीएमची (दहा लाखात 420 भागांची) ओली नोंद कोरड्या हवेपेक्षा सुमारे 13 पीपीएमने कमी येते. शहरामुळे होणारी वाढ बहुतेक वेळा याहून लहान असते. कोरड्या हवेचा मोल अंशच घ्या. प्रमाणपट्टीही (उपकरण जिच्याशी जुळवतात ती) तपासा: 2007 च्या आणि 2019 च्या जागतिक पट्टीत 400 पीपीएमला सुमारे 0.18 पीपीएमचा फरक आहे.

पार्श्वभूमी (शहरात शिरण्याआधीच्या हवेतली पातळी) वर्षभर एकाच ठिकाणची धरणं पश्चिम किनाऱ्यावर चालत नाही. गोव्यातल्या काबो द रामाच्या नोंदींनी हे केव्हाच दाखवलं आहे: नैऋत्य मोसमात तिथे समुद्राची हवा असते, हिवाळ्यात जमिनीवरून आलेली. सिंहगडचं केंद्र पार्श्वभूमीला घेत असाल तर मॉडेलमधली उंची बघा. 9 किलोमीटरच्या जाळीत गड सपाट होतो. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जमिनीपासूनची उंची या दोन्हींनी नमुना काढून फरक पाहा.

संजय गांधी उद्यानाचे शंभरेक चौरस किलोमीटर पावसानंतर दुपारी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, नेमक्या ज्या तासांची मोजमापं आपण वापरतो त्याच तासांत. व्हीपीआरएम या झाडांच्या कार्बन देवाणघेवाणीच्या मॉडेलचे उत्तर अमेरिकेत बसवलेले स्थिरांक इथल्या पानझडी जंगलाला जसेच्या तसे लावू नका. जून ते सप्टेंबर ढगांमुळे मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या मालिकेत भोकं पडतात. ती सरळ रेषेने भरली तर पालवीची तारीखच सरकते.

इन्व्हर्जन

एकाच दुपारचे चार तास म्हणजे चार स्वतंत्र मोजमापं नाहीत, त्यांच्या चुका एकत्रच हलतात. दिवसाची एक सरासरी घ्या किंवा सहप्रसरणात तासांचा सहसंबंध घाला, नाहीतर अनिश्चितता खोटी लहान दिसेल. लघुकृत काय-वर्ग (धरलेल्या चुकांच्या तुलनेत प्रत्यक्ष फरक किती ते सांगणारा आकडा) 1 च्या आसपास हवा. तो 3 असेल तर चुका कमी धरल्या आहेत. कृत्रिम चाचणीत 'खरं' उत्सर्जन ज्या वाहतूक मॉडेलने निर्माण केलं त्यानेच उलटवलं तर चाचणी पास होणारच. सीमा थराची योजना बदलून निर्माण करा आणि मूळ योजनेने उलटवा. मग पार्श्वभूमी आणि प्रायर बदलून पुन्हा चालवा, आणि निकालांमधला पसारा सूत्रातून आलेल्या अनिश्चिततेशेजारी छापा. बहुधा पसाराच मोठा निघतो.

जीवाश्म वाटा वेगळा करायला कार्बन-14 वापरणार असाल तर एक स्थानिक अडचण आहे. जीवाश्म इंधनात कार्बन-14 उरलेला नसतो, म्हणून 1 पीपीएम जीवाश्म कार्बन डायऑक्साइडने हवेतलं त्याचं प्रमाण साधारण अडीच सहस्रांशाने उतरतं. पण मुंबईच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर तारापूर आहे, आणि तिथले तिसरा व चौथा हे जड पाण्याचे संच आहेत. अशा अणुभट्ट्यांतून कार्बन-14 बाहेर पडतो आणि जीवाश्म वाटा आहे त्याहून कमी दिसतो. उत्तरेच्या वाऱ्यातले नमुने वेगळ्या डब्यात ठेवा आणि विश्लेषण त्यांच्यासह एकदा, त्यांच्याविना एकदा करा.