मांडीला काम द्या, गुडघा सावरेल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ठाण्यातल्या नौपाडा, पाचपाखाडी भागात वयस्कर माणसांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवते. इथल्या कितीतरी जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. गुडघे दुखू लागले की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली उतरणंच सोडतात. घरचेही मायेने म्हणतात, ‘तुम्ही बसा, आम्ही आणतो.’ काही महिन्यांत मांडी बारीक होते आणि खुर्चीतून उठायलाही हात टेकावे लागतात. ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय,’ असं मला सांगतात. पण झिजलेल्या गुडघ्यालाही मांडीच्या स्नायूची ताकद मोठा आधार देते. म्हणून सुरुवात मांडीपासून करा.

पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, 5 आकडे मोजा, सोडा. श्वास रोखू नका. दोन्ही पायांनी 10-10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. हे अंगवळणी पडलं की भिंतीला टेकवलेल्या, चाकं नसलेल्या खुर्चीतून उठबस करा. पावलं थोडी मागे घ्या, पुढे झुकून उठा आणि बसताना सावकाश बसा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया जातो. खुर्ची बुटकी असेल तर वर जाड घडी ठेवा. आधी 5 वेळा पुरे.

थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त ठणकलं तर संख्या निम्मी करा, पण बंद करू नका. फरक पडायला 6 ते 12 आठवडे लागतात. हे मी पहिल्याच दिवशी सांगते, कारण बरेच जण पंधरवड्यातच कंटाळतात.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हात कठड्यावर. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात हवी. उभं राहून हात सैल सोडला की तिची मूठ मनगटापाशी यावी. जाड असाल तर 1 किलो वजन घटल्यावर पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोंनी उतरतो.

शेक 15-20 मिनिटं, पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पिशवी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी पाहावं. चटका बसलेला कळत नाही.

कंबर धरली म्हणून आठवडाभर पडून राहू नका, घरात हिंडत राहा. कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्या. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटून बसा. बादली अर्धीच भरा. विळी सोडून ओट्यावर सुरीने चिरा. आणि मुलांना माझं कळकळीचं सांगणं: महागडी तेलं आणण्याआधी संडासात कमोड आणि भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या.

जिना जमू लागला की सकाळी कचराळी तलावाला फेरी मारा, दमायच्या आधी बाकावर टेका. पावसाळ्यात घरातल्या घरात चाला. निसरड्यावर पडून खुबा मोडला तर फार जड जातं.

लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद अचानक कमी झाली, पडल्यावर कंबर दुखू लागली किंवा सांधा लाल होऊन सुजला आणि ताप आला, तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.