टच गेला म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका: टू-इन-वन लॅपटॉपवाल्यांनो, या चुका टाळा

घडी घालून टॅबसारखा वापरता येणारा लॅपटॉप घरात आला की पहिले काही महिने जो तो त्याच्यावर बोट फिरवून बघतो. मग एक दिवस बोट फिरतं आणि पडदा ढिम्म. माउस चालतो, कीबोर्ड चालतो, चित्र लख्ख दिसतं, फक्त टच गेलेला. अशा वेळी पुण्यात दोन सल्ले फुकट मिळतात. एक, "विंडोज नव्याने टाक." दोन, "डिस्प्लेच बदलावा लागेल." पहिल्यात डेटा जातो, दुसऱ्यात पैसे. आणि देणाऱ्याने लॅपटॉप हातात घेऊनही बघितलेला नसतो.

खरं तर बिघाड कुठे आहे ते टच स्वतःच सांगत असतो. कधी चालत नाही, पडद्याच्या कोणत्या भागात चालत नाही, पडदा किती उघडल्यावर चालत नाही, एवढं धीराने पाहिलं तरी निम्मं काम होतं. न पाहताच हात घातला की हा माग पुसला जातो, आणि मग दुकानदार म्हणेल ती पूर्व दिशा.

'बंद करून चालू केला की!'

ही सगळ्यात स्वस्त चूक, म्हणून आधी तीच. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाऊन' दिल्यावर विंडोज स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हरांची (लॅपटॉपचे भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची) स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. म्हणजे अडकलेला टचचा ड्रायव्हर सकाळी अडकलेलाच उठतो. 'रीस्टार्ट' दिलं तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे रोज रात्री लॅपटॉप बंद करणाऱ्यालाही एकदा रीस्टार्ट द्यावं लागतं.

त्याने नाही झालं तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पेन ड्राइव्ह वगैरे जोडलेलं सगळं काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. टच सांभाळणारी चिप वेगळी असते. तीच अडकली असेल तर तिचा वीजपुरवठा पूर्ण तुटल्याशिवाय ती भानावर येत नाही.

विंडोजला टच दिसतोय का, हे न बघणं

सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट. तिथे 'पेन अँड टच' अशी एक ओळ असते. टच पॉइंट्सचा आकडा दिसला तर विंडोजला पडदा दिसतोय, अडचण पुढे कुठेतरी आहे. 'या डिस्प्लेसाठी टच उपलब्ध नाही' अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर विंडोजच्या लेखी हा साधा पडदा आहे.

मग डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपमधल्या सगळ्या उपकरणांची विंडोजमधली यादी, उघडा. 'ह्युमन इंटरफेस डिव्हायसेस' या गटात 'एचआयडी-कम्प्लायंट टच स्क्रीन' शोधा. कोणीतरी ते डिसेबल करून ठेवलेलं असतं, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. लहान मूल पडद्यावर हात मारतं म्हणून घरातल्याच कोणीतरी केलेलं असतं आणि विसरलेलं असतं. चालू असेल तर एकदा डिसेबल करून परत एनेबल करा. नावच दिसत नसेल तर 'व्ह्यू'मधून लपलेली उपकरणं दाखवायला सांगा आणि जवळच 'आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस'वर पिवळा त्रिकोण आहे का ते पाहा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये टच याच आय-टू-सी मार्गाने, म्हणजे आतल्या चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या वाटेने, जोडलेला असतो. तिथे त्रिकोण असेल तर टचच्या ड्रायव्हरशी झटत बसण्यापेक्षा चिपसेटचा आणि हा मार्ग सांभाळणाऱ्या 'सिरियल आयओ'चा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, आपल्या मॉडेलचाच, घेऊन टाका.

झोपेतून उठवल्यावरच टच जात असेल तर त्या उपकरणाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते. ती खूण काढा.

जुना लॅपटॉप विकत घेतलेल्यांसाठी थोडं कडू बोलतो. मॉडेलच्या नावात ३६० आहे म्हणून आतला पडदा टचचाच असेल असं नाही. फुटलेला पडदा बदलताना स्वस्तातला, टच नसलेला बसवून लॅपटॉप विकणारे आहेत. पैसे देण्याआधी बोट फिरवून घ्यावं.

चार्जिंगवर टच नाचतो, आणि दोष मात्र विंडोजला

इथे जरा थांबतो, कारण पुण्यातल्या पेठांमध्ये हा प्रकार फार दिसतो. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, लॅपटॉप उलटा मोडून पीडीएफ वाचतोय. अभ्यासिकेत टच ठणठणीत. खोलीवर आला, चार्जर लावला, की पानं आपोआप उलटायला लागतात, बोट ठेवलं एकीकडे तर खूण उमटते भलतीकडे. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून हात फिरवला तर बारीक झिणझिण्या येतात. मुलगा तोवर विंडोज दोनदा टाकून मोकळा झालेला असतो.

होतं काय, तर पडद्याच्या काचेखाली पारदर्शक वाहक रेषांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जागची विद्युत धारकता अगदी किंचित बदलते आणि तो बदल चिप मोजते. मोजमाप इतकं नाजूक की लॅपटॉपच्या अंगावर भलती वीज तरंगत असेल तर चिपला खऱ्या बोटातला आणि गोंगाटातला फरक कळेनासा होतो. चार्जरच्या विटेत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांची वाट अर्थिंगकडे जाते. अर्थिंग नसेल तर २३० व्होल्टच्या सुमारे निम्मा दाब, अत्यंत कमी करंटसह, लॅपटॉपच्या अंगावर येऊन बसतो. झिणझिण्या त्याच्याच.

जुन्या वायरिंगच्या खोल्यांमध्ये थ्री-पिनचं सॉकेट दिसतं खरं, पण वरच्या जाड भोकामागे वायरच नसते. कुठे असते तर ती बोर्डापाशीच संपलेली असते. जिथे असते तिथे आपण थ्री-पिनचा प्लग टू-पिनच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसून ती निकामी करतो. काही जण तर अर्थची पिनच तोडतात, प्लग बसत नाही म्हणून!

पडताळणी सोपी आहे. चार्जर काढा आणि नुसत्या बॅटरीवर टच वापरून बघा. लगेच सुधारला तर विंडोजला हात लावू नका. तोच चार्जर दुसऱ्या घरी, चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटवर लावा. तिथे नीट चालला तर दोष भिंतीत आहे. तिथेही नाचला तर दोष चार्जरमध्ये, विशेषतः तो स्वस्तातला बिनकंपनीचा टाइप-सी चार्जर असेल तर. भिंतीतला दोष इलेक्ट्रिशियनला दाखवा. फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जवळपास शून्य, एवढं मीटरवर दिसलं पाहिजे. हे स्वतः सॉकेटमध्ये तारा घालून बघायचं काम नाही. आणि घरमालकाकडे विषय काढताना "लॅपटॉपचा टच चालत नाही" असं सांगू नका, "शॉक बसतो" म्हणा. काम लवकर होतं.

पेंट उघडायचं सोडून डिस्प्लेचा भाव विचारणं

विंडोजमधला साधा 'पेंट' हे टचचं सर्वात उपयोगी परीक्षायंत्र आहे. पूर्ण पडदाभर उघडा, जाड ब्रश घ्या आणि बोटाने डावीकडून उजवीकडे रेघा ओढत जा, एकीखाली एक, वरच्या कडेपासून तळापर्यंत. मग तशाच उभ्या. गिरणीतून आणलेलं पीठ चाळतो तसं एकही कोपरा न सोडता.

आता त्या रेघांकडे बघा. सगळ्या आडव्या रेघा एकाच ठिकाणी तुटल्या असतील, म्हणजे वरपासून खालपर्यंत एक कोरी उभी पट्टी राहिली असेल, तर त्या जाळीतल्या रेषा किंवा त्यांची जोडणी गेली आहे. ड्रायव्हर असा पट्ट्यापट्ट्याने बिघडत नाही. तिथे फॉरमॅट मारणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. रेघ उमटते पण बोटापासून ठरावीक अंतरावर, तर कॅलिब्रेशन, म्हणजे बोटाची जागा आणि पडद्यावरची जागा यांची जुळणी, बिघडलंय. कंट्रोल पॅनेलमधल्या 'टॅब्लेट पीसी सेटिंग्ज'मध्ये जाऊन आधी 'रीसेट' द्या. नव्याने कॅलिब्रेट करायची घाई नको. तिरक्या नजरेने आणि अंदाजाने टेकवलेल्या बोटांनी केलेलं कॅलिब्रेशन मूळ दुखण्याहून वाईट असतं.

बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना लॅपटॉपला बोट लावलं की बाण मॉनिटरवर हलत असेल तर टच ठीक आहे, विंडोजने पडदा चुकीचा धरलाय. त्याच खिडकीतलं 'सेटअप' वापरून कोणता पडदा टचचा ते सांगा.

बिजागरीकडे दुर्लक्ष

पडदा बरोब्बर ठरावीक कोनात असताना टच जातो आणि थोडा हलवला की येतो, असं असेल तर सॉफ्टवेअरचा विचार सोडून द्या. पडद्यापासून मदरबोर्डकडे जाणारी पातळ पट्टी-केबल बिजागरीतून जाते, आणि ३६० अंशात फिरणाऱ्या लॅपटॉपमध्ये तिला साध्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी जास्त वळावं लागतं. पेंटमध्ये एका हाताने रेघ ओढत दुसऱ्या हाताने पडदा सावकाश फिरवा. कुठे तुटते ते दिसेल, मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. केबल बदलणं हे पडदा बदलण्यापेक्षा बरंच स्वस्त काम, पण ते सुचवायला दुकानदाराला हा व्हिडिओ दाखवावा लागतो. आणि यापुढे एका कोपऱ्याला धरून पडदा ओढू नका, मधोमध धरा.

फिरवताना खालचा भाग फुगल्यासारखा किंवा टचपॅड वर आलेला दिसला, तर टच बाजूला राहू द्या. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद, वापर बंद, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको, थेट सर्व्हिस सेंटर.

काच, ओल आणि गार्ड

मोबाइलची सवय म्हणून लॅपटॉपलाही जाड गार्ड लावतात. खाली हवेचा फुगा राहिला की तेवढ्या जागी टच मुका होतो. काच पुसायचं निळं द्रावण थेट पडद्यावर फवारू नये, ओघळ कडेतून आत जातो. मऊ कापड किंचित ओलं करून पुसा. पावसाळ्यात बॅगेतून ओलसर आलेला लॅपटॉप पुसून, थोडा वेळ उघडा ठेवून मगच टचबद्दल मत बनवा.

फॉरमॅट, तोही चाचणी न करता

विंडोजचा दोष आहे की हार्डवेअरचा, याचा निकाल फॉरमॅट न करता लागतो. उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी, लिनक्सवर आधारलेली फुकट प्रणाली) पेन ड्राइव्हवर घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. तिथे टच चालला तर काच आणि केबल धडधाकट आहेत. नाही चालला तर नक्की काही म्हणता येत नाही, काही मॉडेलचा टच लिनक्सला ओळखू येत नाही. मग कंपनीची स्वतःची चाचणी चालवा. डेलमध्ये सुरू होताना एफ १२ दाबून 'डायग्नोस्टिक्स', एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ २. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) टच चालू-बंद करण्याची वेगळी सोयही असते, तीही पाहून घ्या.

पण बायोसमध्ये शिरण्याआधी किंवा ते अपडेट करण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. ही की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते. टच दुरुस्त करायला जाऊन अख्ख्या डिस्कला मुकलेली माणसं आहेत. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणारी फुकट सॉफ्टवेअरंही नकोत.

दुकानात जाताना

वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेर कोणालाही लॅपटॉप उघडू देऊ नका. संपली असेल तर टिळक रोडला जा नाहीतर घराजवळ, पण काम सुरू होण्याआधी लेखी घ्या: केबल बदलणार, टचची काच की पूर्ण पडदा? बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये काच, टचची जाळी आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेले असतात, त्यामुळे 'फक्त टच बदलून देतो' असं सहज म्हणणाऱ्याला तो कसा सुटा करणार ते विचारा. जुना भाग परत मागा. नवा पडदा बसल्यावर काउंटरवरच पेंट उघडून रेघा ओढा, चार्जर लावून आणि काढून, पडदा पूर्ण फिरवून.

खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने फारच जास्त निघाला, किंवा टच भुतासारखा आपोआप क्लिक करत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एचआयडी-कम्प्लायंट टच स्क्रीन' डिसेबल करा आणि साधा लॅपटॉप म्हणून वापरा. एखाद्या विंडोज अपडेटनंतर ते पुन्हा चालू झालेलं दिसेल, तेव्हा परत डिसेबल करायचं.