टोरेंट की यूजनेट? चांगला व्हिडिओ शोधताना या चुका टाळा

"क्वालिटी कुठे चांगली मिळते, टोरेंटवर की यूजनेटवर?" हा प्रश्न मला नेहमी येतो आणि पहिली चूक या प्रश्नातच आहे. दोन्ही फक्त फाइल आणण्याच्या वाटा आहेत: टोरेंटमध्ये ती इतर वापरकर्त्यांच्या संगणकांवरून तुकड्यांनी येते, यूजनेटवर पुरवठादाराच्या सर्व्हरवरून. एन्कोड करताना, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करताना, जो तपशील गेला, तो कुठल्याही वाटेने परत येत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

नावावर विश्वास ठेवणे

फाइलच्या नावात २१६०पी (म्हणजे ४के) लिहिलंय, लांबी दीड तास आणि आकार २ जीबी. इथे साधा हिशेब करा: जीबीला ८००० ने गुणा आणि सेकंदांनी भागा. २ गुणिले ८०००, भागिले ५४००, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३ मेगाबिट (हाच बिटरेट), तेही ऑडिओ धरून. ब्लू-रे डिस्कवर १०८०पीच्या चित्राला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते आणि २१६०पीत पिक्सेल त्याच्या चौपट. एचईव्हीसी किंवा एव्ही१ हे कोडेक (व्हिडिओ दाबून बसवण्याच्या पद्धती) कमी जागेत बरंच काही बसवतात हे खरं, पण ३ मेगाबिटमध्ये अंधारातले प्रसंग आणि फिल्मचा दाणेदारपणा टिकत नाही.

उलटही फसगत होते. लहान फाइल मोठ्या बिटरेटने पुन्हा एन्कोड केली की आकार वाढतो, चित्र सुधारत नाही. म्हणून मीडियाइन्फो या फाइलचा तपशील दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोडेक, बिटरेट आणि बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई) बघाच, पण शेवटचा निकाल डोळ्यांचा. संध्याकाळचं आकाश किंवा धुकं असलेला एखादा प्रसंग लावून बघा. रंगाचे पट्टे पडलेले दिसले तर फाइल उडवा.

टोरेंट ९८ टक्क्यांवर अडकलं की डिलीट करणे

आपण सीडरचा, म्हणजे पूर्ण फाइल वाटणाऱ्यांचा, आकडा बघतो, पण तो बऱ्याचदा शिळा असतो. बघायची ती उपलब्धता. क्यूबिटटोरेंट या टोरेंट प्रोग्रॅममध्ये (क्लायंटमध्ये) तिचा वेगळा कॉलम मिळतो. तिथे १ पेक्षा कमी आकडा, समजा ०.९८, दिसला तर आत्ता जोडलेल्या सगळ्यांकडचं मिळूनही फाइल पूर्ण होत नाही. अशा वेळी वेगाच्या सेटिंगशी झटापट करून काहीच हाती लागत नाही.

माझी एक मुक्त परवान्याची डॉक्युमेंटरी अशीच अकरा दिवस अडकली होती. शेवटी तीच फाइल दुसरीकडे सापडली, तीही अर्धवटच. टोरेंट थांबवलं, ती दुसरी प्रत त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवली, आधीची प्रत बाजूला जपून ठेवली आणि 'फोर्स रीचेक' (फाइल पुन्हा तपासण्याचा आदेश) दिलं. जे तुकडे हॅशशी (तुकड्याच्या ठरलेल्या ओळखखुणेशी) जुळले ते क्लायंटने ठेवून घेतले, उरलेले ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडून आले, आणि फाइल पूर्ण झाली. मात्र दोन्ही प्रती मुळात बाइट-न्-बाइट एकच असाव्या लागतात; नुसता विषय एक असून चालत नाही.

अपलोड शून्यावर आणणं ही दुसरी नेहमीची चूक. बिटटोरेंटची रचनाच देवाणघेवाणीची आहे. देणाऱ्याला आधी मिळतं. पण अपलोड पूर्ण मोकळं सोडलं तर लाइन तुंबते आणि डाउनलोडही मंदावतो. क्षमतेच्या ८० टक्क्यांवर मर्यादा लावा. आणि फाइल पूर्ण झाली म्हणून लगेच बंद करू नका, तुमच्यासाठीही कोणीतरी थांबलं होतं.

यूजनेटवर तेच तेच पुन्हा उतरवणे

यूजनेटची कल्पना १९७९ मधली, टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या ड्यूक विद्यापीठातल्या दोघांची, आणि ती मजकुरासाठी होती. व्हिडिओ तिथे कोंबून बसवलेला आहे. फाइलचे रार (कॉम्प्रेस केलेल्या फाइलचा प्रकार) भाग होतात, त्यांचे हजारो छोटे आर्टिकल, म्हणजे यूजनेटवरचे संदेश, होतात, आणि त्यातले काही सर्व्हरवर नसतात. एनझेडबी फाइल ही फक्त त्या आर्टिकलांची यादी. ती उत्तम स्थितीत असली म्हणून माल शिल्लक असेलच असं नाही.

आर्टिकल गायब दिसले की लोक डाउनलोड काढून पुन्हा लावतात. त्याच सर्व्हरवर बहुतेक वेळा तीच भोकं पुन्हा मिळतात. उपाय पार२ या दुरुस्तीच्या फाइलींमध्ये आहे. ३७ ब्लॉक (तुकडे) कमी असतील तर कुठल्याही पार२ फाइलींतले मिळून कोणतेही ३७ रिकव्हरी ब्लॉक चालतात. कोणता ब्लॉक कुठल्या जागेचा, हे जुळवत बसावं लागत नाही. पण ३६ असतील तर दुरुस्ती होणार नाही. तेव्हा दुसऱ्या पुरवठादाराचं ब्लॉक अकाउंट (ठराविक जीबी एकदाच विकत घेण्याचं खातं) घ्या, मात्र त्याचा बॅकबोन (मूळ सर्व्हरचं जाळं) वेगळा आहे याची खात्री करून. अनेक विक्रेते एकाच बॅकबोनची सेवा वेगवेगळ्या नावांनी विकतात, आणि मग दुसऱ्यांदा पैसे देऊनही पदरात तीच भोकं पडतात.

दुरुस्ती किंवा अनपॅक फेल झालं तर आधी डिस्क बघा. भाग आणि उघडलेली फाइल एकाच वेळी राहतात, त्यामुळे दुप्पट जागा लागते. आणि फाइल नेमकी ४ जीबीच्या आसपास तुटत असेल तर ड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यावर त्याहून मोठी फाइल मावत नाही.

सुरक्षितता आणि हक्क

टोरेंटचा हॅश एवढंच सांगतो की तुकडा मूळ अपलोडसारखाच आहे. अपलोड करणारा प्रामाणिक होता का, हे तो सांगत नाही. व्हिडिओच्या नावाखाली ईएक्सई किंवा एससीआर (म्हणजे चालणारा प्रोग्रॅम) फाइल आली, किंवा रारला पासवर्ड असून तो एखाद्या साइटवर जाऊन घ्या असं सांगितलं, तर तिथेच थांबा.

टोरेंटमध्ये डाउनलोड होताना तुम्ही वाटपही करता आणि तुमचा आयपी पत्ता बाकीच्यांना दिसतो. यूजनेटवर एसएसएल (जोडणी गुप्त ठेवणारी सोय) लावून फक्त उतरवलं, तरी कॉपीराइट बदलत नाही. मी मुक्त साहित्यच उतरवतो, आणि त्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: टोरेंट पुरतं. इंटरनेट आर्काइव्हच्या टोरेंटना वेबसीड असतं, त्यामुळे एकही सीडर नसला तरी त्यांच्या सर्व्हरवरून तुकडे येतात. ब्लेंडरच्या मुक्त परवान्याच्या ॲनिमेशनपटांत ४के नमुनेही आहेत. निव्वळ एवढ्यासाठी यूजनेटचे पैसे भरण्यात मला अर्थ दिसत नाही.

वेगाची तक्रार करण्याआधी एकक तपासा. १०० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट येतात. तेवढेही येत नसतील तर एखाद्या मोठ्या लिनक्स वितरणाच्या ताज्या आयएसओचं (इन्स्टॉल करण्याच्या फाइलचं) टोरेंट लावा. ते भरधाव आलं तर तुमची लाइन आणि सेटिंग ठीक आहे, अडचण त्या जुन्या टोरेंटची. तेही रांगत असेल तर पोर्ट, राउटर आणि अपलोडची मर्यादा याच क्रमाने बघा.