लायकमिंग इंजिनावर घट्ट बसलेला ऑइल फिल्टर कसा काढावा

सेस्ना १५२ आणि १७२ या प्रशिक्षण विमानांवरील बहुतेक लायकमिंग इंजिनांना डब्याच्या आकाराचा, आट्यांवर फिरवून बसवायचा ऑइल फिल्टर असतो. त्याच्या टोकाला एक इंची षटकोनी नट वेल्ड केलेला असतो. त्यावर पाना लावला की फिल्टर सुटावा, अशी अपेक्षा असते आणि बहुतेक वेळा तो सुटतोही. जेव्हा सुटत नाही, तेव्हा पुढची काही मिनिटे कशी हाताळली जातात यावर केवळ फिल्टर निघतो की नाही एवढेच ठरत नाही, तर ज्या ॲल्युमिनियमच्या बैठकीवर तो बसलेला आहे ती शाबूत राहते की नाही हेही ठरते. फिल्टर थोडक्या पैशांत नवा मिळतो. बैठकीवर ओरखडा पडला तर मात्र काम वाढते.

फिल्टर अडकण्याचे कारण आधी समजून घ्यावे. आटे गंजले असावेत असे पहिल्यांदा वाटते, पण हे आटे सतत तेलात भिजलेले असतात. फिल्टरला धरून ठेवतो तो त्याच्या तळाशी असलेला रबरी गॅस्केट. बसवताना तो कोरडाच ठेवला असेल, ठरलेल्या ताकदीपेक्षा जास्त आवळला असेल किंवा दीर्घकाळ इंजिनाच्या उष्णतेत राहिला असेल, तर रबर कडक होऊन धातूला चिकटून बसते. म्हणूनच गंज सोडवणारे स्प्रे येथे फारसे उपयोगी पडत नाहीत. ते आजूबाजूच्या रबरी नळ्यांवर मात्र हमखास पसरतात.

काम सुरू करण्यापूर्वी मास्टर स्विच बंद असावा, इग्निशनची किल्ली काढून खिशात ठेवावी, चाकांना अडण्या लावाव्यात आणि प्रॉपेलरच्या फिरण्याच्या वर्तुळात कोणीही उभे राहू नये. मॅग्नेटोची (म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या जनित्राची) अर्थिंग तुटलेली असेल, तर किल्ली बंद असतानाही हाताने हलवलेला प्रॉपेलर इंजिनाला झटका देऊ शकतो. इंजिन थंडगार असेल तर या तयारीच्या आधीच ते काही मिनिटे चालवून बंद करावे, कारण गरम रबर थंड रबरापेक्षा लवकर सुटते आणि तेलही नीट निथळते. मात्र चालू तापमानाचे तेल हातावर आले तर त्वचा भाजते, म्हणून डबा हाताला सोसवेल इतका निवू द्यावा. उघडी ज्योत जवळ आणण्याचा विचारही करू नये.

नंतर सेफ्टी वायर, म्हणजे फिल्टर आपोआप सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार, कापून काढावी आणि तिचा प्रत्येक तुकडा मोजून ताब्यात घ्यावा. फिल्टर आडवा असल्यामुळे तो सैल होताच तेल फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीवर), नळ्यांवर आणि इंजिन माउंटच्या रबरावर ओघळते. प्लास्टिकची बाटली उभी कापून केलेले पन्हाळे खाली धरले आणि भोवती चिंध्या दाबून बसवल्या, तर नंतरची निम्मी साफसफाई वाचते.

आता नटाकडे वळू. आपल्याकडील पेटीत मेट्रिक पाने जास्त असतात आणि २६ मिलिमीटरचे सॉकेट या नटावर बसतेही. पण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि हा अर्ध्या मिलिमीटरहून अधिकचा ढिलेपणा अडकलेल्या फिल्टरवर नटाचे कोपरे गोल करायला पुरेसा असतो. एक इंचाचेच, आणि तेही बारा कोनांऐवजी सहा कोनांचे सॉकेट वापरावे. ते नटावर पूर्ण खोल बसले आहे याची बोटाने खात्री करावी, कारण मागची जागा अरुंद असल्यामुळे डोळ्यांना ते दिसत नाही.

दिशेचा गोंधळ येथे इतका सहज होतो की त्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल. फिल्टरचे टोक फायरवॉलकडे असते आणि आपण इंजिनाच्या बाजूला किंवा पुढे उभे असतो, म्हणजे नट आपल्याकडे पाठ करून असतो. नटाकडे तोंड करून पाहिल्यास फिल्टर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. प्रॉपेलरच्या बाजूने पाहणाऱ्याला तीच दिशा काट्यांप्रमाणे दिसते. ‘किती घट्ट बसला आहे’ असे म्हणत तो आणखी आवळणारे कमी नाहीत. डब्यावर खडूने सुटण्याच्या दिशेचा बाण काढून ठेवावा. त्यात कमीपणा नाही.

फिल्टर बसवताना लावायची ताकद साधारण १६ ते १८ फूट-पाउंड असते. एक फुटी दांड्याला हळूहळू वाढवलेली, स्थिर ओढ द्यावी आणि दुसऱ्या हाताने सॉकेट नटावर दाबून धरावे. दांड्याला लांब पाइप जोडून लोंबकळणे टाळावे. त्याने नटाचा वेल्ड तुटतो किंवा डबा पिळवटतो. नट दाद देत नसेल तर पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना घ्यावा आणि तो डब्याच्या मध्यावर न लावता बैठकीच्या शक्य तितका जवळ लावावा. मध्यावर पत्रा पातळ असल्यामुळे डबा चेपतो आणि जोर वाया जातो; तळाकडे जाड चकतीचा आधार असल्यामुळे तोच जोर गॅस्केटपर्यंत पोहोचतो. नट आणि पट्टा यांवर एकाच वेळी दोघांनी ओढ दिली, तर बहुतेक हट्टी फिल्टर येथेच सुटतात.

मोटार गॅरेजमध्ये डब्यातून आरपार स्क्रूड्रायव्हर ठोकून तो फिरवण्याची पद्धत आहे. विमानावर ती वापरू नये. पत्रा फाटतो, तळाची चकती बैठकीवरच राहते, पकडायला काही उरत नाही, आणि धातूचे कण आत पडल्यामुळे इंजिनाच्या झिजेचे कण शोधण्यासाठी फिल्टर कापून केलेली तपासणी फसवी ठरते. चकतीच्या कडेवर छिन्नी मारण्याबाबतही हेच. छिन्नी घसरली की ती थेट ॲल्युमिनियमवर जाते.

एवढे करूनही फिल्टर हलला नाही, तर तो बैठकीसह इंजिनावरून उतरवून बाकावर शिकंज्यात धरून सोडवावा. हे काम परवानाधारक अभियंत्याने, मॅन्युअल समोर ठेवून आणि बैठकीमागे नवा गॅस्केट घालूनच करावे. लायकमिंगच्या याच बैठकीच्या, म्हणजे कन्व्हर्टर प्लेटच्या, गॅस्केटमधून तेल गळण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेला २००० साली तातडीचा आदेश काढावा लागला होता. अमेरिकेत स्वतःच्या खासगी विमानाचा फिल्टर वैमानिक-मालक स्वतः बदलू शकतो. तेथील मराठी मालकांनीही या टप्प्यावर मेकॅनिकला बोलवावे.

फिल्टर निघाल्यावर सर्वप्रथम त्याच्या तळाकडे पाहावे. जुना गॅस्केट फिल्टरबरोबर आला आहे का? तो बैठकीवर चिकटून राहिला आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला, तर दोन गॅस्केटांची जोडी दाबाखाली सरकते आणि उड्डाणात सारे तेल बाहेर जाऊ शकते. तेलाने काळा झालेला गॅस्केट काळपट बैठकीवर दिसत नाही, म्हणून नखाने चाचपावे आणि प्लास्टिकच्या पट्टीनेच खरवडावे. मधला आटेदार स्टड फिल्टरबरोबर फिरून आला असेल, तर तो मॅन्युअलप्रमाणे पुन्हा पक्का केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुना डबा करवतीने न कापता फिल्टर कटरने उघडावा, कागदाच्या घड्या पसरून पाहाव्यात आणि त्यांवरून लोहचुंबक फिरवावे. नव्या फिल्टरच्या गॅस्केटवर, डब्यावरील सूचनेनुसार, डीसी-४ या सिलिकॉन लेपाचा पातळ थर द्यावा, टॉर्क रेंचने (आवळण्याची ताकद मोजणाऱ्या पान्याने) डब्यावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळावे आणि नवी सेफ्टी वायर आवळण्याच्या दिशेने ओढ राहील अशी बांधावी. इंजिन सुरू केल्यावर ३० सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही, तर ते ताबडतोब बंद करावे. दाब आला तर काही मिनिटे चालवून बंद करावे आणि टॉर्च घेऊन बैठकीची पूर्ण कड पाहावी.

पुढचा बदल ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. कमी उडणाऱ्या विमानांत तास भरत नाहीत म्हणून महिने विसरले जातात, आणि चिकटलेले फिल्टर बहुधा त्याच विमानांवर सापडतात.