घरी नळीवरचा पेशंट असेल तर नळीचं प्लॅस्टिक कसं बघून घ्यायचं

घरी रायल्स ट्यूबवर (नाकातून पोटात जाणारी, पातळ अन्न देण्याची नळी) किंवा कॅथेटरवर (लघवीची नळी) माणूस असला की फीड, औषधं सगळं आपण नीट बघतो, पण नळी कशाची आहे हे कोणी विचारत नाही, मेडिकलवाला देईल ती घेऊन येतो. विचारा प्लीज.

मऊ पारदर्शक नळ्या बहुतेक पीव्हीसीच्या. पीव्हीसी मुळात कडक, ते मऊ करायला डीईएचपी नावाचं थॅलेट गटातलं रसायन घालतात, कधीकधी वजनाच्या 20 ते 40 टक्के, आणि ते प्लॅस्टिकशी पक्कं जोडलेलं नसतं त्यामुळे हळूहळू सुटतं. स्निग्ध पदार्थ, उष्णता, जास्त दिवस, तिन्हींनी जास्त सुटतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर पिल्लांच्या जननेंद्रियांवर परिणाम दिसला म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2002 मध्ये सांगितलं की नवजात मुलगे, वयात येणारे मुलगे आणि पोटात मुलगा असलेल्या बायका यांच्यासाठी शक्य तिथे डीईएचपी नसलेलं वापरा. पण गरजेचा उपचार मात्र टाळू नका, हेही तेव्हाच सांगितलंय. एखाददुसरं सलाइन लागलं म्हणून घाबरू नका. रक्ताच्या पिशवीवरून तर वाद घालूच नका, तिथे डीईएचपीमुळे लाल पेशी जास्त टिकतात.

नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधबाजारातून घ्या नाहीतर कोपऱ्यावरून, पाकीट हातात घेऊन वाचा. "डीईएचपी फ्री" लिहिलंय का बघा. पीएचटी अशी इंग्रजी अक्षरं असलेलं चिन्ह म्हणजे थॅलेट आहे, त्यावर काट असेल तर नाही. 2 आकड्यावर काट म्हणजे एकदाच वापरायचं, धुऊन परत नाही.

नळी महिनाभर वगैरे राहणार असेल तर सिलिकॉनची किंवा पॉलियुरेथेनची चालेल का ते डॉक्टरांना आधीच विचारा. महाग पडते, पण पीव्हीसीची नळी आत राहून कडक होते, कारण तिला मऊ ठेवणारंच निघून गेलेलं असतं, आणि कडक नळी आतून टोचते. म्हणून बदलायची तारीख चिकटपट्टीवर पेनाने लिहून ठेवा आणि पाळा. नळी उकळायची नाही, फीड कोमटच द्यायचं. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पाकिटं गाडीत ठेवून देऊ नका.

जुनी नळी जाळायची अजिबात नाही, पीव्हीसीत क्लोरिन असतं, त्याच्या धुरात डायॉक्सिन तयार होतात. कापून, कागदात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत, घंटागाडीवाल्याला सांगून द्या. सुई त्यात टाकू नका, त्याच्या हाताला लागते, ती जाड झाकणाच्या डब्यात जमवून हॉस्पिटलात द्या.

नळी तुटली, रॅश आली तर आधी डॉक्टर, मग भारतीय फार्माकोपिया आयोगाच्या (औषधं-उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी संस्था) 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर कळवा. बॅच नंबर विचारतील, त्यामुळे नळी निघेपर्यंत पाकीट फेकू नका.